पाळण्याचे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. म्हण जुनी आहे नि गोडही आहे. परंतु ज्या पाळण्यात हे पाय पाहायचे त्या पाळण्याकडे कुणी निरखून पाहिले आहे काय? राजांच्या तलवारी संग्रहालयात ठेवल्या जातात, मुनिमांच्या वह्या दप्तरखान्यात जपल्या जातात. पाळणा मात्र मूल मोठे झाले की माळ्यावर चढतो, शेजारच्या घरी उसना जातो, आणि शेवटी एखाद्या पावसाळ्यात बंबात जळून पाणी तापवतो. ज्या वस्तूत प्रत्येकाच्या आयुष्याचा पहिला अध्याय लिहिला गेला, तिला स्वतःचा इतिहास नाही, ही थोडी कृतघ्नपणाची गोष्ट झाली. दिवाळीच्या फराळाबरोबर हा इतिहास आज थोडा चाळून पाहू. तो वाटतो तितका लाडिक नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आमचे कागल हे कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बंगळूर रस्त्यावर वसलेले तालुक्याचे गाव. पलीकडे दूधगंगा, आणि तिच्याही पलीकडे काही मैलांवर निपाणी. ऊस, तंबाखू, भुईमूग पिकवणारा हा मुलूख. अशा गावात लहान मुलाला निजवण्याच्या पूर्वापार तीन जागा. वाड्यात नि बऱ्या घरात लाकडी पाळणा. शेतावर राबणाऱ्या बाईकडे जुन्या लुगड्याची झोळी. आणि गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच असलेली तिसरी जागा म्हणजे आईची कूस. शाळेतल्या मुलांना मी अधूनमधून विचारतो, तुम्ही कशात निजलात? निम्म्याहून अधिक हात झोळीच्या नावाला वर होतात. पाळणा म्हटले की मुली हसतात, आणि ‘कॉट’ म्हटले की दोन-चार हात थोड्या ऐटीत वर जातात. एका वर्गात शंभर वर्षांचा इतिहास असा शेजारी-शेजारी बसलेला असतो.

प्रथम लाकडी पाळण्याचे पाहू. गावचा सुतार बलुतेदार. नांगर, कुळव, गाडीचे चाक हे त्याचे वर्षाचे काम, पण पाळणा करताना त्याचा हात निराळा चाले. सागाची चौकट, चहूबाजूंनी कातलेल्या दांड्यांचे कठडे, चार कोपऱ्यांना चार कड्या. हौशी घरात सावंतवाडीचा लाखेच्या रंगाचा पाळणा येई. तिथल्या चितारआळीतील कारागिरांची रंगीत लाकूडकामाची कीर्ती आजही आहे. वरती चिमणाळे टांगलेले असे. वाऱ्याने ते फिरू लागले की बाळाची नजर त्याच्यावर ठरे, आणि तेवढ्या वेळात आईची भाकरी थापून होई.

पाळणा टांगायचाच का, जमिनीवर का ठेवायचा नाही, ह्याला कारण आहे. शेणाने सारवलेली जमीन, पावसाळ्यात तिला सुटणारी ओल, मुंग्यांच्या रांगा, भिंतीच्या पोकळीतले विंचू, आणि घरात मोकळेपणाने फिरणारी मांजरे-कोंबड्या. ह्या सर्वांपासून दोन-तीन हात उंचावर बाळ सुरक्षित राही. म्हणून जुन्या घरांच्या तुळयांत घर बांधतानाच हलकड्या ठोकून ठेवीत. म्हणजे भिंती उभ्या राहत होत्या तेव्हाच घरात मूल येणार हे गृहीत धरलेले असे. अजून एखाद्या पडक्या वाड्यात गेलात तर वर पाहा. छप्पर गेलेले असेल, पण तुळईला ती लोखंडी कडी घट्ट असेल.

दोरीच्या लांबीतही एक शास्त्र होते. लोलकाचा नियम आपण शाळेत शिकतो. दोरी जेवढी लांब तेवढा हेलकावा संथ. तुळईपासून दोन मीटर दोरीने टांगलेला पाळणा एकदा जाऊन परत यायला पावणेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतो. अर्धा मीटरच दोरी असेल तर तेच काम दीड सेकंदाच्या आत उरकते. आज्यांना गॅलिलिओ ठाऊक नव्हता, पण ‘आखूड दोरीत पोराला हिसके बसतात’ हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पाळण्याभोवती विधी गुंफले गेले. पाचवीला सटवीची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. घुगऱ्या, कुंची, दुपटे, कानात ‘कुर्र’ करून नाव सांगणारी आत्या, आणि तिच्या पाठीत बसणारे सगळ्यांचे धपाटे. रामनवमीला भर दुपारी नि गोकुळाष्टमीला मध्यरात्री देवाचाही पाळणा हलतो. शिवनेरीवर, जिथे १६३० साली शिवाजीमहाराजांचा जन्म झाला त्या जागी, आजही एक पाळणा ठेवलेला आहे. थोर पुरुषाची आठवण तख्ताने नव्हे तर पाळण्याने जपावी, हे मराठी माणसाच्या स्वभावाला धरूनच झाले.

पण ह्या सगळ्या गोडव्यात एक वाक्य असे आहे की ते ऐकले की घरातील बायका एकदम गप्प होतात. ‘रिकामा पाळणा हलवू नये.’ लहान मुलाने खेळता खेळता रिकाम्या पाळण्याला झोका दिला तर म्हातारी माणसे धावून येत. ही नुसती अंधश्रद्धा म्हणून हसून सोडून देता येईल; परंतु तिच्या तळाशी काय आहे ते पाहिले म्हणजे हसू येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी सुमारे एक मूल पहिल्या वाढदिवसाआधी जात होते. म्हणजे आळीतल्या प्रत्येक घराने रिकामा पाळणा पाहिलेला होता. बारसे बाराव्या दिवशी करायचे, सटवीला पाचव्या दिवशी प्रसन्न करायचे, ह्या सर्व विधींमागे हीच धास्ती उभी होती. पहिले दिवस ओलांडले तर मूल आपले, अशी ती समजूत.

ह्या धास्तीचा एक धागा थेट कोल्हापूरपर्यंत येतो. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ दहाच दिवस जगले. बारशाचा दिवससुद्धा त्याला दिसला नाही. योग्य औषधोपचार मिळता तर मूल वाचले असते, हे शल्य त्या मुलीच्या मनात राहिले, आणि ते तिला सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला घेऊन गेले. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून नेमले. पण क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई ते काम हाती घेऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. एका रिकाम्या पाळण्याने एक डॉक्टर घडवली, आणि ती आमच्या दारापर्यंत येता येता राहिली.

त्याच सुमारास कागलच्या घाटगे घराण्यातील एका मुलाचे पाय कुणालाही न दिसता मोठे होत होते. जयसिंगराव घाटगे नि मुधोळच्या घोरपड्यांची लेक राधाबाई ह्यांचा हा पुत्र यशवंतराव, २६ जून १८७४ चा. मूल तीन वर्षांचे होते न होते तोच आई गेली. म्हणजे कागलकरांच्या घरी पाळणा होता, दासदासी होत्या, पण पाळण्याची दोरी ओढणारा हात फार लवकर नाहीसा झाला. १७ मार्च १८८४ रोजी हा मुलगा दत्तक जाऊन कोल्हापूरचा शाहू छत्रपती झाला. पुढे ह्याच राजाने १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पाळण्यातून उतरलेले प्रत्येक पाऊल शाळेकडे वळले पाहिजे, हा त्यामागचा हट्ट.

आणि एक योगायोग पाहा. त्याच १८७४ साली पुण्यात दुसऱ्या एका यशवंताला आई-बाप मिळाले. जोतीराव नि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, हवे तर इथेच सोडून जावे, अशी ती सोय. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात मायलेकरांनी मिळून रोग्यांची सेवा केली. त्यातच सावित्रीबाई गेल्या. एका यशवंताचा पाळणा वाड्यात, दुसऱ्याचा लोक ज्याच्याकडे बोट दाखवत त्या घरात. म्हण म्हणते पाय पाळण्यात दिसतात. इतिहास म्हणतो, पाय कुणाचेही असोत, आधी त्यांना पाळणा मिळाला पाहिजे. ह्या देशात ती गरज संपली असेही नाही. नको असलेल्या मुली मारल्या जाऊ नयेत म्हणून तमिळनाडू सरकारने १९९२ साली सार्वजनिक जागी पाळणे ठेवण्याची योजना काढली होती, ती फुल्यांच्या घरानंतर तब्बल एकशे एकोणतीस वर्षांनी.

आता झोळीकडे येऊ. झोळीचा इतिहास वाड्यात सापडत नाही, बांधावर सापडतो. आंब्याची किंवा बाभळीची फांदी, नाहीतर उभ्या बैलगाडीखालची जागा. तिथे लुगड्याची दोन टोके बांधली की पाळणा तयार. खर्च शून्य, सावली मोफत. दुपारी पाजायला आई सरीतून येणार, तोवर राखणीला पाच-सहा वर्षांची थोरली बहीण. तिची शाळा त्या झोळीच्या दोरीला बांधलेली असते, हे आम्हा मास्तरांना रोज हजेरी घेताना कळते. कागलच्या मातीतून आलेले आनंद यादव ह्यांनी ‘झोंबी’ ह्या १९८७ सालच्या आत्मचरित्रात कुळाच्या शेतकऱ्याचे लेकुरवाळे घर नि शिक्षणासाठी केलेली झुंज मांडली; त्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा घरांत प्रत्येक नव्या बाळाबरोबर एका थोरल्या भावंडाचे बालपण संपत असे.

दिवाळी होते न होते तोच आमच्या भागात साखर कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात, आणि बीडकडची ऊसतोडणी मंडळी येऊन उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; त्या कोयत्याबरोबर आलेले तान्हे मूल कुठल्याच हिशोबात धरलेले नसते. पहाटेच्या थंडीत ते पाचटावर नाहीतर गाडीखालच्या झोळीत निजते. कारखान्यांच्या आवारातल्या साखरशाळांनी मोठ्या मुलांची थोडी सोय केली. तान्ह्यांची गोष्ट अजून उघड्यावरच आहे.

ह्याच मुलांसाठी ‘पाळणा’ ह्या शब्दाला ‘घर’ हा शब्द जोडला गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बायका जिथे कामाला असतील तिथे मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला, नंतर कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक नि अनुताई वाघ ह्यांनी वारली मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, आणि तिच्या जोडीला पाळणाघरही ठेवले. कारण त्यांना एक साधी गोष्ट उमगली होती. धाकट्याला निजवायला जागा दिल्याशिवाय थोरली शाळेत येणार नाही.

आता पाळण्याला पाय फुटल्याची कथा. रुग्णालयांतून लोखंडी खाटा आल्या, त्यांच्याबरोबर कठड्याच्या छोट्या खाटा आल्या. पुढे सिमेंटच्या स्लॅबच्या घरांत तुळईच राहिली नाही, तेव्हा हलकडी कुठे ठोकणार? पाळणा जमिनीवर उतरला नि चार पायांवर उभा राहिला. त्यालाच आपण आज ‘कॉट’ म्हणतो. पाय आले म्हणून धोका गेला असे मात्र झाले नाही, धोक्याने रूप बदलले. अमेरिकेत कठड्याच्या दांड्यांतून मुलांचे अंग घसरून डोके अडकू लागले, तेव्हा १९७३ साली तिथे नियम झाला की दोन दांड्यांत सहा सेंटिमीटरांहून अधिक अंतर नको. कठडा खालीवर सरकवण्याची सोय आयांना फार आवडली होती. पण तो निखळून तीसहून अधिक मुले दगावल्यावर २०११ साली अशा कॉटची विक्रीच बंद केली.

त्याहून मोठा शोध लागला तो कॉटचा नव्हे, निजवण्याच्या पद्धतीचा. धडधाकट मूल रात्री निजले आणि सकाळी उठलेच नाही, अशा घटना पाश्चात्य देशांत हजारोंनी होत. कारण उलगडेना. अखेर लक्षात आले की पालथे निजवलेल्या मुलांत हे फार घडते. १९९१ साली इंग्लंडात नि १९९४ साली अमेरिकेत ‘बाळाला उताणे निजवा’ असा प्रचार झाला, आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही. फक्त कूस बदलली. न्यूझीलंडातील माओरी लोकांनी तर आपल्या परंपरेतील अंबाडीसारख्या पात्यांची टोपली पुन्हा विणायला घेतली. बाळ आईच्या अंथरुणातच, पण टोपलीतल्या स्वतःच्या सपाट जागेवर. जुने नि नवे ज्ञान एकमेकांशी भांडलेच पाहिजे असे नाही, हे त्या टोपलीने दाखवले.

आपल्या महाराष्ट्रानेही असाच धडा जगाला दिला. गडचिरोलीत डॉ. अभय नि डॉ. राणी बंग ह्यांनी गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसे मोजावेत, दुखणे कसे ओळखावे, ह्या साध्या गोष्टी. उबेसाठी बाळाला निजवायची एक साधी पिशवीही होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. देशात १९७१ साली दर हजारी १२९ बालके पहिल्या वर्षात जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रात १६ वर. ‘रिकामा पाळणा’ हे शब्द ज्यांना केवळ ऐकूनच माहीत आहेत अशी आयांची पिढी आता कुठे आली आहे. तिच्या आज्यांना हे सुख मिळाले नव्हते.

इतका इतिहास वाचल्यावर, घरात नवे मूल येणार असेल तर त्यातून काय घ्यावे, हे सांगणे मास्तराचे कर्तव्यच आहे. पाळणा घ्या की कॉट घ्या, तळ सपाट नि घट्ट हवा. गादी कठड्याला लागून बसली पाहिजे. मध्ये दोन बोटे शिरली तर ती गादी त्या पाळण्याची नव्हे. दांड्यांतले अंतर फूटपट्टीने मोजावे, सहा सेंटिमीटरांच्या वर नको. खिळे-स्क्रू हाताने चाचपावेत. आजोबांच्या काळचा रंग पोपडे धरत असेल तर तो पाळणा शोभेला ठेवावा, कारण जुन्या रंगात शिसे असते आणि दात येणारे मूल कठडा चावते.

डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रेमाची असली तरी ती पाळण्यात नको, तशाच मऊ रजया नि खेळण्यांची गर्दीही नको. गळ्यातला ताईत नि काळा दोरा निजताना काढावा. ओवा-वावडिंगाच्या धुरीने खोली कोंदवू नये. कोवळ्या फुफ्फुसांना धूर तो धूरच. बाळ पहिले सहा महिने तरी आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या जागेवर, उताणे निजावे. टांगलेला पाळणा असेल तर दोर, कडी नि हलकडी दर आठवड्याला पाहावी, आणि मूल हातापायांवर उठू लागले की त्याच दिवशी तो पाळणा उतरवावा. झोळीत मूल फार वाकून हनुवटी छातीला टेकणार नाही, हे पाहावे. आणि मोठ्या मुलांना तिच्यात गिरक्या घेऊ देऊ नयेत. त्या पिळात गळा अडकून जीव गेल्याच्या बातम्या आजही येतात.

ह्यातले काहीच फार पैशाचे नाही. सपाट तळ, घट्ट गादी, मोकळा श्वास नि जागती नजर, एवढेच बाळाचे मागणे आहे. वाड्यातल्या मुलाला ते मिळावे तसे उसाच्या फडातल्या मुलालाही मिळायला हवे. ह्या दिवाळीत आपल्या घरी पाळणा सजवाल तेव्हा फडाच्या कडेला टांगलेल्या एका झोळीकडे जरूर जाऊन या. एक जाड गोधडी नि एक मच्छरदाणी बरोबर न्या. फराळाच्या ताटातल्या दोन करंज्या झोळीजवळ राखणीला बसलेल्या थोरलीच्या हातावर ठेवा, आणि तिला विचारा, ‘बाळ, शाळेत कधी येतेस?’